हरणांची पट्टी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

वार्षिकांकासाठी काही तरी लिहून द्या, असे मराठीच्या सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मी मान खाली घालून वहीत रेघा ओढत बसले होते. गेल्या वर्षीच्या अंकात मैत्रिणींनी सहलीवर, पावसावर, आईवर लिहिले होते. मी सहलीला गेले नव्हते. आणि पाऊस आमच्या घरी सुंदर असा कधी नसतोच. तो एक तर वेळेवर येतो, नाही तर येत नाही. मग लिहायचे कशावर? सर म्हणाले, "तुला जे ठाऊक आहे आणि आम्हाला ठाऊक नाही, ते लिही." शोधून पाहिले तेव्हा अशी एकच गोष्ट सापडली. ती पाव एकराची आहे. ती सांगताना घरातली माणसे उघडी पडतात, म्हणून बरेच दिवस हात धजत नव्हता.

आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावती तालुक्यात, ताडोब्याच्या जंगलाच्या बाजूला. ताडोबा म्हटले की वर्गातल्या मुलींना जिप्सी आणि वाघाचे फोटो आठवतात. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला, हे मीही परीक्षेसाठी पाठ केले आहे. पण आमच्या घरात जंगल म्हणजे वावराच्या खालचा नाला. नाल्याच्या अलीकडे आमचे तीन एकर, पलीकडे साग, मोह, पळस, तेंदू. कुंपण असे काही नाही. तिकडचे इकडे येते, इकडचे तिकडे जाते. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच.

२०२४ च्या खरिपात सोयाबीन चार पानांवर आले असताना एका रात्रीत चितळांनी नाल्याकडचा एकरभर तुकडा साफ केला. सकाळी आम्ही गेलो तर काकऱ्या तेवढ्या दिसत होत्या, जणू कुणी पाटीवरची अक्षरे पुसून रेघा ठेवल्या. बाबा माळ्यावर जागलीला होते. त्यांना पहाटे तासभर झोप लागली, तेवढीच. पंचनामा होतो, भरपाईही मिळते. पण भरपाई तिच्या वेळेने येते आणि बियाणे आजच्या ओलीला लागते. बाबांनी उसनवारी करून दुबार पेरणी केली. त्या वर्षी बाबा कुणाशी फारसे बोलले नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये माझा दुसऱ्या वर्षाचा प्रवेश आला, तेव्हा घरात पैसा नव्हता. प्रवेश, पुस्तके आणि एस.टी.चा पास मिळून तीन हजार रुपये काकाजींनी दिले. काकाजी म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. आमच्या घराला लागूनच त्यांचे घर. पैसे देताना ते म्हणाले, "शीक माय. घरात एक तरी साहेबीण पाह्यजे." हे वाक्य पुढे मला किती तरी वेळा आठवणार होते.

आता आबांविषयी. आबा म्हणजे माझे आजोबा. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास; डोळ्यांनी कमी दिसते, पण हाताने ते सगळे ओळखतात. बी हातात घेऊन चिमटीत दाबतात आणि जुने की नवे ते सांगतात. एकदा मावसभाऊ घरी आला होता. त्याने मोबाइलवर अमेरिकेतला एक व्हिडिओ दाखवला. तिकडे म्हणे शिकारी लोक हरणांसाठी मुद्दाम शेत पेरतात! जंगलाच्या कडेची जागा साफ करतात, माती तपासून चुनखडी टाकतात, घासासारख्या पाल्याचे, सलगमाचे नाही तर सोयाबीनचे बी टाकतात आणि झाडावर मचाण बांधून परवान्याचा हंगाम उघडण्याची वाट बघतात. पांढऱ्या शेपटीची हरणे त्या हिरवळीवर येतात. आम्ही सगळे हसलो. आमच्याकडे हरीण न बोलावता येते, आणि हे लोक बी पेरून बोलावतात!

आबा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "त्यात काय नवल हाये? आमी नाही पेरत होतो का?"

त्या रात्री मला पहिल्यांदा कळले की माझे आबा पंधरा-सोळा वर्षांचे असताना, म्हणजे १९६२-६३ च्या सुमारास, त्यांच्या वडिलांबरोबर नाल्यापलीकडच्या पडीत जागेत चन्याचा तुकडा पेरायचे. खाण्यासाठी नव्हे, चितळ मारण्यासाठी. पाटलाच्या घरी भरमार बंदूक होती. पाटील ती द्यायचे. कातडे त्यांचे, मटण वाटून. आबा सांगत होते आणि मी वर्गात टिपणे घेते तशी मनात टिपत होते.

"हरणाले वावर आवडत नाही बाई, वावराची कड आवडते. चौकोनी तुकडा पेरशीन तं ते मधात येत नाही. लांबट पट्टी पेराव, जंगलाले लागून. एका उडीत परत जाता आलं पाह्यजे त्याले. वारा जंगलाकडून आपल्याकडं पाह्यजे. आन् पेरलं का महिनाभर तिकडं फिरकाचं नाही. आलं तरी मारायचं नाही. त्याले वाटलं पाह्यजे, का हे आपलंच हाये."

"आणि मग?"

"मंग काय. मंग एक दिवस बसाचं."

आबांच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, फुशारकीही नव्हती. विकतचे मटण तेव्हा त्यांच्या घराला परवडत नव्हते. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि विनापरवाना शिकार गुन्हा ठरली. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बंद झाली. आबा मात्र सरळ सांगतात, "कायदा मले काय समजे? भरमार गेली म्हणून शिकार गेली."

मी रात्रभर विचार करत होते. हरणे पट्टीवर येतात आणि थांबतात, हे जर खरे असेल तर हीच विद्या उलटी का वापरू नये? नाल्याच्या काठाने त्यांच्यासाठीच एक पट्टी पेरायची. ती खातील, पोट भरेल, परत जातील. वरचे सोयाबीन वाचेल. बाबा जागलीवरून सुटतील. मला तर यात अर्थशास्त्रही दिसले, नीतिशास्त्रही दिसले! एकोणिसाव्या वर्षी आपल्याला सुचलेली गोष्ट जगात पहिल्यांदाच सुचली आहे असे वाटते, त्यातलाच प्रकार.

बाबांनी ऐकून घेतले आणि विचारले, "पाव एकरात दीड-दोन क्विंटल सोयाबीन होते. ते कोण देईन?" मी गप्प. मग आबाच म्हणाले, "नाल्याकडचं तसंही कुठं घरी येते? दे तिले." अशी ती पाव एकराची पट्टी माझी झाली. सात-बारावर नव्हे, बोलण्यात.

काय पेरायचे यावर आठवडा गेला. मी म्हटले, मका. आबा म्हणाले, मका पेरला तर डुकरांना आवतन दिल्यासारखे होईल. मी म्हटले, ज्वारी. ते म्हणाले, कोवळी ज्वारी पावसाने ताण दिला की ढोराला बाधते, ती हरणाला बाधणार नाही का? (ज्याने चितळे मारली तो माणूस हे बोलत होता. मला तेव्हा त्यात काही विसंगत वाटले नाही. आता वाटते, आणि तरी आबा खोटे बोलत नव्हते याची खात्रीही वाटते.) शेवटी बरबटी आणि मूग ठरले. बरबटी म्हणजे तुम्ही चवळी म्हणता ती. बाजारातून तीन किलो बरबटी आणली, मूग घरचा होता. आबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी कानाआड केली. ते म्हणाले होते, "हरीण येईन. पण हरणामागं कोण येते, त्याचा इचार कर." मला वाटले, ते वाघाविषयी बोलत आहेत. वाघ तर तसाही येतोच.

जूनच्या शेवटी ओल चांगली झाली. बाबांनी वखर मारून दिला आणि तिफन घेऊन यायला निघाले, पण मी म्हटले, मी टोबते. सरकी टोबायला आईबरोबर लहानपणापासून जात होते. त्या दिवशी मात्र वाकून बी टाकताना वेगळेच वाटत होते. आजवर जे जे पेरले ते जनावराने खाऊ नये म्हणून देवाला नारळ बोलायचो. आणि आज हे खाल्ले जावे म्हणून पेरत होते. आई धुऱ्यावर उभी राहून म्हणाली, "कालेजात हेच शिकवतेत का वो तुमाले?" पण ती हसत होती.

पाचव्या दिवशी बरबटीने माना वर काढल्या. आणि पहिले पाहुणे आले ते ससे आणि मोर. म्हणून बोरीच्या काट्या आणून तिन्ही बाजूंनी आणि नाल्याकडूनही कुंपण लावले. पाला वाढून जमीन झाकेपर्यंत काही शिरू द्यायचे नाही, नाही तर पट्टी पहिल्या आठवड्यातच संपते. माझे हात कोपरापर्यंत ओरबाडले. कॉलेजात बाह्या खाली ओढून बसत होते. जुलैच्या शेवटी वेल पसरले, पट्टी हिरवीगार झाली. मग एका सकाळी नाल्याच्या बाजूच्या काट्या पाच हात बाजूला करून मी वाट उघडली. तेवढी एकच वाट. तिथून यायचे आणि तिथूनच जायचे, म्हणजे वरच्या सोयाबीनकडे जाणार नाहीत, असा माझा हिशेब.

पाच दिवस काही आले नाही. सहाव्या दिवशी चिखलात खूर दिसले. आठव्या दिवशी मी आबांना घेऊन माळ्यावर बसले. दिवस बुडत होता. नाल्यापलीकडच्या झाडांवर वानरे होती. त्यांनी पाडलेला पाला खात चितळे खाली फिरतात हे मी पुष्कळदा पाहिले होते. आधी एक मादी आली. ती वाटेच्या तोंडाशी इतका वेळ उभी राहिली की मला श्वास घ्यायची भीती वाटू लागली. तिने पुढचा पाय आपटला, कान फिरवले, आणि आत शिरली. तिच्यामागे दुसरी, मग पाडस, मग एक शिंगाडा नर. मी मोजले, अकरा. पाठीवरचे पांढरे ठिपके अंधार पडेपर्यंत दिसत होते. आबांना ती दिसत नव्हती. ते नुसते पाला तोडल्याचा आवाज ऐकत होते. हळूच म्हणाले, "किती हायेत?" मी बोटे त्यांच्या तळहातावर टेकवून अकरा सांगितले. त्यांनी माझा हात तसाच धरून ठेवला.

मित्रांनो, त्या पंधरा दिवसांसारखा आनंद मला बारावीच्या निकालानेही दिला नाही. वरचे सोयाबीन सगळे वाचले असे म्हणणार नाही. रानडुकरांना माझ्या बरबटीची पर्वा नव्हती, रोह्यांनीही एकदा धिंगाणा घातला. पण चितळे पट्टीवरच राहत होती. बाबा एक दिवस म्हणाले, "जमलं तुह्यं." आमच्या बाबांच्या तोंडून हे फार झाले.

ऑगस्टच्या २२ तारखेला पोळा झाला. दुसऱ्या दिवशी कर. आमच्याकडे करीला घरोघर मटण शिजते. आमच्याकडे त्या वर्षी आणले नव्हते. संध्याकाळी काकूंनी ताटलीने झाकून वाटी पाठवली. मी, आई, बाबा, आबा, आम्ही चौघांनी भाकरीबरोबर खाल्ले. चांगले झाले होते.

त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे मी पट्टीकडे गेले. रात्री हरणे नीट मोजता आली नव्हती, कधी नऊ वाटत, कधी दहा. उघडलेल्या वाटेवर पाय ठेवणार तोच काही तरी चमकले. दोन्ही बाजूंच्या काट्यांच्या खुंटांना बांधलेला तारेचा फास. मोटरसायकलच्या क्लचची तार, गुडघ्याच्या उंचीवर, गवताने झाकलेली. आत पाच-सहा पावलांवर दुसरा. दुसऱ्याची तार ओढली गेलेली होती, तिला तांबूस केस चिकटले होते, आणि भोवतालची बरबटी गोल तुडवलेली होती, एखादे ढोर खुंट्याभोवती फिरावे तशी.

मी एकच वाट ठेवली होती. फास लावणाऱ्याला शोधावी लागली नाही.

दोन्ही फास काढून मी घरी आणले. आबा छपरीत बसले होते. मी काही न बोलता तार त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, गाठीपाशी थांबले, पुन्हा चाचपली. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "ही गाठ माही हाये."

मला कळेना.

"मीच शिकवली त्याले. लहान होता. सशासाठी."

'त्याले' म्हणजे कुणाला हे विचारायची गरज नव्हती. भिंतीपलीकडे काकाजींची मोटरसायकल सुरू होत नव्हती, ते किक मारत होते.

मी तशीच त्यांच्या अंगणात गेले. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. काकाजी चिडले नाहीत, हे आठवते. ते चिडले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, "हरणाले बलावलं कोणं? मी बलावलं का? तूच पेरलं, तूच वाट ठेवली." मग थोडे थांबून, अगदी समजावणीच्या सुरात: "वावर तुह्या बापाच्या नावाचं हाये. गार्ड आला तं कोणाले पुसन?" मागे काकू चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. आणि मला एकदम ती झाकलेली वाटी आठवली.

ती कशाची होती, हे मी आजवर विचारलेले नाही. काकू देताना बकऱ्याचे म्हणाल्या होत्या. कदाचित असेलही. पण त्या सकाळी परत येऊन मी नाल्यावर बसून ओकले.

घरी त्या दिवशी मोठे भांडण झाले. मी म्हटले, वनरक्षकाला सांगायचे. आई म्हणाली, "आन् तीन हजार? ते कोण देणार? त्याच्या पैशानं कालेजात जातं आन् त्यालेच पकडून देतं?" बाबा दोन्ही हात डोक्याला लावून बसले. आईला मी तेव्हा वाटेल ते बोलले. पण ती खोटे काय बोलत होती? माझ्या दप्तरातली पुस्तके त्या पैशाची होती. नीतिशास्त्राचेही त्यातच होते. मी गेले नाही वनरक्षकाकडे. हे लिहिताना लाज वाटते, पण जे झाले ते हेच. तुमच्यापैकी कुणी गेले असते, तर मला त्याला भेटायला आवडेल. टोमणा म्हणून नव्हे, खरेच विचारायचे आहे की नंतर भिंतीपलीकडे कसे राहिलात.

त्याच दुपारी विळा घेऊन मी पट्टी कापायला घेतली. शेंगा भरत आल्या होत्या. बाबा येऊन शेजारच्या काकरीला लागले, काही बोलले नाहीत. दोन दिवसांत पाव एकर उघडा झाला. पाला बैलांना घातला. नाल्याकडची वाट बोरीच्या काट्यांनी बंद केली. आबा धुऱ्यावर बसून होते. दोन्ही फासांच्या गाठी त्यांनी नखांनी सोडवल्या. तारा सरळ करून छपराच्या आढ्याला खोचून ठेवल्या.

हरणे मात्र येतच राहिली. संध्याकाळी बंद वाटेपाशी उभी राहत. ती शिंगाडा नराशिवाय येत होती, एवढे मी खात्रीने सांगू शकते. आबांना विचारले, "कधी विसरतील?" ते म्हणाले, "एक हंगाम लागते." सप्टेंबरात ती पुन्हा वर सोयाबीनमध्ये शिरली. बाबा पुन्हा जागलीला जाऊ लागले.

दिवाळीच्या सुट्टीत मी लोकांच्या वावरात कापूस वेचायला गेले आणि आईनेही तिची मजुरी त्यात घातली. तीन हजार झाले तेव्हा स्वतः नेऊन दिले. काकाजी घरी नव्हते. काकूंनी पैसे मोजले, पदराला बांधले आणि चहा ठेवला. मी प्याले. नाही म्हणता आले नाही. काकाजी अजून माझ्याशी बोलत नाहीत. आबांशी मात्र बोलतात, आणि आबाही बोलतात.

त्या पट्टीत आता चना आहे, आमचा, विकायचा. बरबटी कापताना पिकलेल्या शेंगा मी वेगळ्या काढल्या होत्या. किलोभर बी निघाले. ते राख लावून मडक्यात ठेवले आहे. बाबांनी परवा ते मडके हलवून पाहिले, झाकण लावले आणि परत जागेवर ठेवले. कशासाठी ठेवले आहेस, असे त्यांनी विचारले नाही.